समुद्रकिड्यांचे घरमालक

मालकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वांग्याच्या वाफ्यात उकिडवे बसून, एक डोळा मिटून, तळहातावरच्या बियांकडे बघत होते. मी खोलीची चौकशी करायला गेलो होतो. नव्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा मास्तर म्हणून बुलढाण्यात उतरून मला दोनच दिवस झाले होते. देऊळघाटच्या रस्त्याला एका मळ्यात खोली रिकामी आहे, असं एस.टी. स्टँडवरच्या चहावाल्याने सांगितलं होतं. मी नमस्कार केला. त्यांनी वर न बघताच विचारलं, "वाफ्यात चपला घालून येनार, का अनवानी?"

"अनवाणी," मी म्हणालो. नोकरी नवी होती, काहीही कबूल करायची तयारी होती.

"मंग खोली तुमची," ते म्हणाले आणि पुन्हा बियांत शिरले. कुठला, कोण, जेवणाचं काय, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. आत सामान ठेवायचं की थांबायचं हे न कळून मी बांधावर उभा राहिलो. थोड्या वेळाने त्यांच्या बायको बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ठेवा सामान. ते आता दिवे लागले का मंगच बोलतीन." या बाईंना मी पुढे काकू म्हणू लागलो. मालकांना मात्र मालक सोडून दुसरं काही म्हणायला जीभ वळली नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. जिल्ह्याजिल्ह्यात कॉलेजं निघत होती, आणि वऱ्हाड म्हणजे नकाशात बोट ठेवून शोधायचा मुलूख समजणारी आमच्यासारखी कोकणातली पोरं तिकडे रवाना होत होती. माझ्या सामानात एक वळकटी, एक ट्रंक आणि भुशात बसवलेल्या एकशे चाळीस बाटल्या होत्या. बाटल्यांत औषधात घातलेले समुद्रकिडे होते. गांडुळाचे हे लांबचे सोयरे. अंगाला वळ्यांवर वळ्या, दर वळीला दोन्ही बाजूंनी पायांसारखी झालर आणि झालरीत राठ केसांचे झुबके. शास्त्रात त्यांना मोठं भारदस्त नाव आहे, पण त्या मळ्यात ते कोणी घेतलं नाही, म्हणून मीही इथे घेत नाही. त्यांच्यावर माझा प्रबंध चालला होता. कोणता किडा कोणत्या जातीचा, हे त्याचे केस मोजून ठरवायचं, एवढंच माझं त्या दिवसांतलं आयुष्य होतं.

पहिली बाटली उघडली तशी काकूंनी नाकाला पदर लावला. "मास्तर, हे मढे माह्या चुलीपासून दूर ठेवा बरं." मालकांनी मात्र बाटली उन्हात धरली, डोळ्याजवळ नेली, दूर नेली. मग शेतकरी कोणत्याही वस्तूला विचारतो तो पहिला प्रश्न त्यांनी विचारला. "कामाले काय येते?"

मी सांगितलं की आमच्याकडे गळाला लावतात, मासा पटकन धरतो. या किड्यांवरच मासे आणि कोळंबी जगतात. काही किडे तर गाळात बिळं करून राहतात, गाळ खालचा वर करतात, त्यात हवा खेळवतात. ते नसले तर तळ कुजून जाईल. एखाद्या खाडीचं पाणी बिघडलं की आधी नाजूक जाती जातात आणि दोन-चार निबर तेवढ्या उरतात, त्यावरून पाण्याची तब्येत कळते. मी हे सगळं वर्गात सांगावं तसं आवाज चढवून सांगितलं.

"म्हंजे समुद्राले बी वावरच म्हना," मालक म्हणाले. मग पाण्याची पाळी आली म्हणून मोटेकडे गेले.

त्यांची एक खोड होती. वाक्य आज सुरू करायचे आणि उद्या पुरं करायचे. "मास्तर, या किड्याले..." म्हणून उठून जायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना मागून यायचे, "...डोळे हायेत, पन पापन्या काऊन नाहीत?" पहिल्या महिन्यात मला हा माणूस अर्धवट वाटला. खरं सांगायचं तर त्यांचं मले-तुले ऐकून मी मनात हसतही असे. मग एकदा असं झालं की, आठवडाभर खपून मी एकाच जातीचे म्हणून वीस किडे एका बशीत काढले होते. मालक खिडकीतून डोकावले. वांग्याच्या दोन वाणांचं मिसळलेलं बी ते तळहातावर नुसतं हलवून वेगळं करत. त्यांनी बाभळीच्या काट्याने सात किडे एका अंगाला सारले.

"हे भाऊ नाहीत. सोयरे हायेत," म्हणाले.

मी सूक्ष्मदर्शकाखाली केस मोजले. सात वेगळे निघाले. त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं आणि मालकांची खुर्ची माझ्या टेबलाशेजारी आली.

किड्यांना त्यांनी आपली नावं ठेवली. वाळूचा एकेक कण चिकटवून स्वतःभोवती शिंगासारखी नळी बांधणारा एक किडा असतो. कण असे बसवलेले की टाचणीचं टोक शिरू नये. तो झाला गवंडी. नळीतून डोक्यावरचा पिसारा तेवढा बाहेर काढून बसणारा नवरदेव. अंगभर लव असलेला, लवेवर निळे-हिरवे रंग खेळवणारा एक जाडा किडा होता, त्याला त्यांनी उंद्रीच्या आपल्या सासऱ्यांचं नाव दिलं. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत.

हे सगळं हसतखेळत चाललं होतं, पण एका दुपारी नवरदेवाचा पिसारा बघता बघता ते म्हणाले, "हा पिसारा मिटते कसा? हळूच, का झटक्यानं?"

"झटक्याने," मी ठोकून दिलं.

"पाह्यलं तुमी?"

मी समुद्राकाठी जन्मलो होतो, मामाला गळासाठी किडे उकरताना शंभर वेळा पाहिलं होतं, पण निरखून एकदाही नाही. आणि बाटलीतले तर आम्ही पकडल्या पकडल्या औषधात बुडवलेले. मालक रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नवल वाटल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. "ज्याले कधी चालताना पाह्यलं नाही, त्याच्यावर तुमी पुस्तक लिहून राह्यले?"

मग जरा वेळाने, आवाज उतरवून म्हणाले, "मास्तर, एक जिता दाखवा ना. एकच. तुमी बी पाहा, मी बी पाहीन."

तुम्हीच चला माझ्याबरोबर कोकणात, मी म्हणालो. त्यांनी मळ्याकडे हात केला. भाजीपाला एका दिवसाची रजा देत नाही. लग्न झाल्यापासून ते मळ्याबाहेर एक रात्र राहिले नव्हते. म्हणून मी कबूल केलं की दिवाळीच्या सुट्टीत गावी जाईन आणि येताना जिवंत किडा आणीन. त्या दिवसापासून त्या घरात दिवाळीची वाट बघणारी आम्ही दोन प्रौढ माणसं झालो.

मध्ये नागपंचमी आली. मला मुंबईहून माझ्या मार्गदर्शकांचं पत्र आलं होतं की अमुक नळीतला किडा चिरून त्याचा जबडा काढा आणि चित्र पाठवा. तसली नळी माझ्याकडे एकच होती. मी चाकू घेऊन बसलो तर मालक दारात उभे.

"आज नाही. आज भुईले लोखंड लावत नाहीत, चिरत नाहीत, कापत नाहीत. भुईत राहनाऱ्याचा दिवस हाये."

"मालक, हा मरून वर्ष झालं."

"त्याच्यासाठी नाही म्हनत. तुमच्या हातासाठी म्हनतो. एक दिवस हाताले बी सुट्टी पाहिजे का नाही?"

मी चाकू ठेवला. पण दिवसभर नुसतं बसवेना, तेव्हा मालकांनीच तोड काढली. लोखंड नको, काटा चालतो. त्यांनी बाभळीचा काटा घेतला आणि तासभर, श्वास धरून, त्या चामड्यासारख्या नळीची कड उसवली. आत मूळ किडा होता. आणि त्याच्या कुशीला, मी वर्षभर न पाहिलेला, बोटाच्या पेराएवढा दुसरा एक चपटा किडा होता, पाठीवर खवले पांघरलेला. दुसऱ्याच्या नळीत बिऱ्हाड करून राहणारे असे किडे असतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. माझ्या चाकूने त्याचे तुकडे झाले असते.

मालक इतके हसले की काकू पीठ भरल्या हातांनी बाहेर आल्या. "पाहा पाहा, मास्तरचा भाऊ सापडला! मालकाच्या घरात कसा पाय पसरून झोपला हाये! काऊन बे, अनवानी येतं का तू?" त्या हसण्यात मी होतो, आणि कोकण सोडल्यापासून पहिल्यांदा मला आपण घरी आहोत असं वाटलं.

आश्विनातल्या एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्यांना तिथीची गोष्ट सांगितली. दूरच्या बेटांपाशी एक किडा खडकाच्या भोकांत वर्षभर दडून राहतो. शरद सरता सरता, पुनवेनंतरच्या अष्टमीच्या सुमाराला त्याचं अर्धं अंग सुटं होतं आणि पहाटे पाण्यावर येतं. एकाच वेळी लाखो. सगळा समुद्र त्यांच्या नाचाने हिरवा-निळा होतो. त्या नाचात अंडी सांडतात आणि उन्हं येईपर्यंत सगळं संपतं. तिथले लोक होड्या घेऊन वाट बघत असतात, ओंजळीने भरून नेतात आणि खातात.

मालकांनी पायाखालच्या भुईकडे पाहिलं. मग म्हणाले, "तळाले पंचांग कोन सांगते त्याले?"

"चंद्र सांगतो म्हणतात. नक्की कोणाला माहीत नाही."

त्यानंतर त्यांना स्वप्नं पडू लागली. सकाळच्या चहाला ते स्वप्न सांगत. त्यांच्या स्वप्नातल्या समुद्राला बांध होते. मोटेतून समुद्र ओतला जायचा, सरीसरीने वाहायचा आणि वांग्याच्या मुळातून किडे उठून वर यायचे, हिरवे, तांबूस, पिसारेवाले. "आवाज नव्हता, मास्तर. एवढे उठले पन आवाज नव्हता." सांगताना त्यांचा चहा निवून जाई. मला वाटायचं, खरा समुद्र यांना दाखवला तर कदाचित लहान वाटेल.

दिवाळीत गावी गेलो आणि परत निघायच्या दिवशी ओहोटीला मामाबरोबर गाळात उतरलो. गळाचेच साधे किडे, पण मोठे निवडून घेतले. लाकडी पेटीत ओली वाळू आणि शेवाळ घालून त्यात बावीस किडे ठेवले, आणि एका बरणीत समुद्राचं पाणी घेतलं. बोट, मग मुंबई, मग मलकापूरपर्यंत आगगाडी, तिथून घाट चढून एस.टी. सगळ्या वाटेत मी त्या पेटीवर ओलं फडकं बदलत होतो. आगगाडीत एकाने विचारलं, "काय आहे? आंबे?" कार्तिकात आंबे! मी हो म्हणालो.

सकाळी मळ्यात पोचलो. मालक फाटकातच उभे होते. पेटी उघडून पाहिली तर अकरा जिवंत होते. एकाने वाळूतून डोकं काढलं आणि परत ओढून घेतलं. मालक पेटीपाशी उकिडवे बसले आणि बोट पुढे केलं. मी म्हणालो, "आत्ता नको. दमलेत. दुपारी बरणीतल्या पाण्यात सोडू, मग नीट दाखवतो." दोन रात्री मी बसून काढल्या होत्या. बरणी टेबलावर ठेवली, पेटी ओट्याच्या सावलीत ठेवली आणि आडवा झालो.

जाग आली ती मालकांच्या हाकांनी. "मास्तर! या! लवकर या! अष्टमी हाये आज! नाचून राह्यले!"

मी धावत बाहेर आलो. ओट्याखाली, भर उन्हात, पितळेचं मोठं घंगाळ काठोकाठ भरलं होतं आणि त्यात अकराच्या अकरा किडे वर आले होते. ते वळत होते, गाठी मारत होते, सोडत होते. झालरी सगळ्या फुललेल्या. उन्हात त्यांच्या अंगावर तांबं आणि मोरपिशी रंग चमकत होते. इतकं सुंदर मी त्यापूर्वी काही पाहिलं नव्हतं. शेजारच्या मळ्यातल्या दोन बायका कंबरेवर हात ठेवून बघत होत्या.

मग मला वास आला. धुण्याच्या सोड्याचा, जरासा कुजका, न विसरता येणारा वास. घंगाळाशेजारी दोन रॉकेलचे डबे होते, एक रिकामा, एक पाण्याने भरलेला.

काकू आनंदात आणि रागात एकदमच बोलत होत्या. "परवाच्या दिशी लोणारले गेले हो! तिथंच मुक्काम, काल सांजच्या एस.टी.नं आले. वीस वर्सं झाली, माह्या माहेरात एक रात नाही राह्यला हा मानूस. अन् किड्यांसाठी सरोवरावर झोपून आला!"

"बरनीत चूळभर पानी," मालक म्हणाले. त्यांची नजर घंगाळावरून हलत नव्हती. "त्यात काय नाचतीन? त्याइले जागा पाहिजे. लोणारचं पानी चाखून पाह्यलं मी, मास्तर. खारं म्हंजे खारं. तुमच्या समुद्रापरीस खारं असंन."

लोणारच्या सरोवराचं पाणी खारं आहे, पण ते खारेपण समुद्राचं नाही. त्यात सोडा आहे. त्यात कपडे पांढरे होतात, आणि समुद्राचा कुठलाही जीव भाजून निघतो. हे मला माहीत होतं. वर्गात मी ते शिकवलं होतं. ते अकरा किडे नाचत नव्हते, मरत होते.

मी हात पुढे केला. मालकांनी माझं मनगट हळूच धरलं. "हात नका लावू. होऊ द्या त्याइच्या मनासारखं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. मला एक शब्द बोलायचा होता. बरणी आत टेबलावर तशीच भरलेली होती, दहा पावलांवर. एखादा वाचला असता का? दोन-तीन वाचले असते, कदाचित. मी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचं काय करायचं, ते मला आजही कळलेलं नाही.

थोड्या वेळाने ते एकेक करून तळाला गेले. "झालं," मालक म्हणाले. "तुमी सांगतलं होतं तसंच. ऊन चढलं का संपते." बायका घरी गेल्या. काकूंनी मला जेवायला वाढलं, पण मला दोन घास गेले नाहीत.

संध्याकाळी मालकांनी मला वाफ्यातून हाक मारली. दुसऱ्या डब्यातलं पाणी जपून ठेवायला आता काही कारण उरलं नव्हतं, आणि पाणी वाया घालवणं त्यांच्या हाताला माहीत नव्हतं. दुपारी त्यांनी ते वांग्याच्या एका सरीत ओतलं होतं. आठ रोपं होती. पानं पार खाली लोंबत होती, बुडाशी माती पांढरट झाली होती. मालक सरीच्या टोकाला उकिडवे बसले होते.

मी अनवाणी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

"मास्तर," ते म्हणाले, "नाचतच होते ना ते?"

मी रोपांकडे पाहिलं. त्यांनी मला रोपांकडे बघताना पाहिलं.

"हो," मी म्हणालो. "नाचत होते."

त्यांनी मान हलवली. "तुमी शिकलेले मानसं. तुमी म्हनता म्हंजे तसंच असंन." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, जरा दाबला आणि उठले. पहिलं रोप त्यांनी उपटलं. मी दुसरं उपटलं. असं आम्ही सरीने पुढे सरकत गेलो. मुळं हाताला बुळबुळीत लागत होती. सात झाली. आठव्याला मी हात घातला तेव्हा त्यांनी मला थांबवलं, खाली वाकून, एक डोळा मिटून, शेंड्यातल्या एका बारक्या पानाकडे बघितलं.

"हे राहू द्या," ते म्हणाले. "हे जितं हाये. विहिरीचं पानी आना, मास्तर. पळा."

मी पळालो.